रहस्यकथेची वाचनबैठक: शेवटची पानं झाकून ठेवा

महिन्यातून एकदा आठ-दहा जण जमतात. एकजण आपली नवी रहस्यकथा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवतो. मग कुणीतरी म्हणतं, "छान जमलीय, पण मला आधीच कळलं होतं." दुसरा म्हणतो, "मलाही." चहा होतो, पांगापांग होते आणि लेखक मोकळ्या हातांनी घरी जातो. आधीच म्हणजे कितव्या पानावर? कशावरून? खरंच कळलं होतं, की शेवट ऐकल्यावर तसं वाटलं? आता विचारूनही उपयोग नसतो.

कविता त्याच माणसाला दहा वेळा ऐकवता येते. रहस्यकथेला वाचक एकदाच मिळतो. खून कुणी केला हे ज्याला कळलं, तो त्या कथेपुरता बाद झाला. गट म्हणजे मोजक्या काड्यांची काडेपेटी, आणि बहुतेक गट सगळ्या काड्या पहिल्याच संध्याकाळी ओढून टाकतात.

खालची पद्धत आमच्या गटात चुकतमाकत बसलेली आहे. आम्ही बारा जण, जागा एका वाचनालयाची मागची खोली, वेळ दुसऱ्या शनिवारी दुपारी चारची. तुमचा गट सहा जणांचा असला तरी चालेल, आकडे त्या प्रमाणात कमी करा. क्रम मात्र बदलू नका.

## १. पंधरा दिवस आधी: खरी हकिगत वेगळ्या कागदावर

लेखकाने एक कोरा कागद घ्यायचा आणि खरोखर काय घडलं ते घड्याळाच्या क्रमाने लिहायचं. कथेत जसं उलगडत जातं तसं इथे लिहायचं नाही. ६.४० ला भाचा दुकान बंद करतो, ६.५५ ला काकू दूध तापवते, ७.१० ला वीज जाते, असं. प्रत्येक पात्राला दोन रकाने: त्या वेळी ते खरोखर कुठे होतं, आणि पोलिसांना त्याने काय सांगितलं. दोन्हींत फरक असेल तिथे लाल शाई.

हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून सगळे टाळतात. आमच्याकडे आलेल्या कथांमधल्या ढोबळ चुका बहुतेक याच कागदावर पकडल्या गेल्या आहेत. एकच माणूस ७.१० ला दोन ठिकाणी असतो. किंवा खुनी गावाबाहेरच्या मळ्यातून दहा मिनिटांत घरी पोचतो, आणि लेखकाने तो रस्ता कधी सायकलवरसुद्धा पाहिलेला नसतो.

दुसरा कागद धाग्यांचा. वाचकाला खऱ्या खुन्याकडे नेणारी खूण म्हणजे धागा, भलतीकडे नेणारी म्हणजे चकवा. प्रत्येकापुढे पान क्रमांक लिहा, आणि त्याच्यापुढे त्या जागी वाचकाचं लक्ष दुसरीकडे वळवणारं काय आहे ते लिहा. हा शेवटचा रकाना रिकामा राहिला तर तो धागा उघड्यावर पडलेला आहे.

तपासा: उलगडा करताना तुमचा हेर ज्या ज्या गोष्टीचा आधार घेतो, ती प्रत्येक गोष्ट या कागदावर पान क्रमांकासह आहे का? एकही सुटली असेल तर बैठक पुढे ढकला. लंडनला १९३० मध्ये सुरू झालेल्या, रहस्यकथाकारांच्या डिटेक्शन क्लबात सभासद होताना, वाचकापासून महत्त्वाचा धागा लपवणार नाही अशी शपथ घ्यावी लागे. आपल्याकडे शपथ नसली तरी हिशेब तोच आहे.

दोन्ही कागद पाकिटात घाला, चिकटवा, संयोजकाकडे द्या. संयोजकाने पाकीट उघडायचं नाही. हे वाचून हसाल, पण आमच्या पहिल्या संयोजकांना राहवलं नव्हतं.

## २. कथा कापा

कथेचे दोन तुकडे करायचे आहेत. पहिल्या तुकड्यात सगळे धागे यायला हवेत, पण हेराने तोंड उघडता कामा नये.

लवकर कापलं आणि शेवटचा धागा दुसऱ्या भागात राहिला, तर वाचकाला न्याय मिळत नाही आणि त्याच्या अंदाजाला किंमत उरत नाही. उशिरा कापणं ही जास्त नेहमीची चूक. "तिने औषधाची बाटली पुन्हा एकदा उचलली, उजेडात धरली आणि ती हसली" या वाक्यावर कापलंत, तर ऐकणारे खुनी कोण ते ज्या चिठ्ठ्यांवर लिहून देतात त्या सगळ्यांवर बाटली येणार, आणि लेखकाला वाटणार की बाटलीचा धागा लख्ख दिसतोय. तो दिसला कारण तुम्ही तिथे थांबलात. कापायच्या जागचं शेवटचं वाक्य शक्य तितकं बेचव असू द्या: कुणी दार लोटलं, कुणी चपला घातल्या.

पहिला भाग ३,००० शब्दांच्या आत ठेवा. आमच्याकडे मोठ्याने वाचण्याचा वेग मिनिटाला साधारण १२० शब्द पडतो, म्हणजे पंचवीस मिनिटं. त्यापुढे ऐकणारे खिडकीबाहेर बघू लागतात. कादंबरी या पद्धतीने वाचू नये. ती दोघातिघांना घरी द्यावी आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी त्यांच्याकडून एक ओळ लिहून घ्यावी.

## ३. वाचक वाटून घ्या

लेखक सोडून आम्ही अकरा उरतो. सात जण पहिल्या खर्ड्याला, चार दुसऱ्या खर्ड्यासाठी राखीव. राखीव चौघांना त्या महिन्यात सुट्टी. त्यांनी बैठकीला यायचं नाही आणि नंतर कुणाला फोन करून "काय झालं रे शेवटी?" असं विचारायचंही नाही.

यावरून रुसवेफुगवे होतात. "मला का वगळलं?" हा प्रश्न येतोच. म्हणून नावं लेखकाने निवडू नयेत. डब्यात चिठ्ठ्या टाकाव्यात आणि जो एकदा राखीव राहिला त्याला पुढच्या कथेला पहिल्या सातांत घ्यावं.

सावध: ज्याच्याशी चहा पिताना "एक भन्नाट कल्पना सुचलीय, विष म्हणे..." असं बोललात, तो वाचक आधीच गेला. नवरा-बायको तर धरूच नका. लेखकाने कुणाकुणाला काय सांगून ठेवलंय ते संयोजकाला प्रामाणिकपणे कळवावं. नाहीतर एका चिठ्ठीवर अचूक उत्तर येतं आणि सगळे त्या वाचकाच्या बुद्धीचं कौतुक करत बसतात.

## ४. प्रती काढा

प्रती कागदावरच काढा. मोबाइलवर वाचताना बोट सरकतं आणि शेवट दिसतो. अक्षर मोठं, कागदाच्या एकाच बाजूला छपाई, पान क्रमांक आणि दर पाच ओळींनी ओळीचा क्रमांक. ओळ क्रमांक नसतील तर नंतरची चर्चा "ते नाही का, ती दूध आणते त्याच्या जरा वर" अशा वळणाने जाते.

श्रीलिपीच्या युनिकोड नसलेल्या फॉन्टात टंकलेली फाइल झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी भेंडोळी दिसतात. युनिकोडमध्ये टंका, पीडीएफ करा, ती आधी स्वतः उघडून पाहा. जोडाक्षरं आणि रफार तपासा.

आणि फाइलचं नाव! एकदा दुकानदाराने प्रतींच्या गठ्ठ्यावर फाइलचं नाव पेनाने लिहून दिलं: "काकू_विष_शेवट_बदलला_३". वाटलेल्या प्रत्येक प्रतीच्या वर. ती बैठक तिथेच संपली, आम्ही भजी खाऊन घरी गेलो.

पहिला भाग सगळ्यांना. दुसऱ्या भागाच्या प्रती वेगळ्या टाचून लेखकाच्या पिशवीत. गटाच्या व्हॉट्सॲपवर दोन्हींतलं काहीही टाकू नका.

## ५. वाचन: लेखकाने वाचायचं नाही

हा नियम ऐकून लेखकांना वाईट वाटतं. पण लेखकाला धागा कुठे आहे ते माहीत असतं, आणि आवाजाला ते लपवता येत नाही. तो त्या वाक्याआधी कणभर थांबतो. किंवा उलट, ते वाक्य घाईने गिळून टाकतो. कान तयार असलेला माणूस दोन्ही ओळखतो. मग वाचक कथा सोडवण्याऐवजी लेखकाला सोडवत बसतात.

सातांपैकी एकाने वाचावं, आधी न पाहता, सपाट आवाजात. अडखळला तर चांगलंच, तिथे वाक्य लांब झालेलं असतं. लेखकाने सगळ्यांच्या मागे बसावं. समोर बसला की चेहरा बोलतो. आमच्यातल्या एका गृहस्थांना चकवा जवळ आला की चष्मा पुसायची सवय आहे, आणि ती सगळ्यांना ठाऊक झाली आहे.

ऐकणाऱ्यांनी हातात प्रत आणि पेन्सिल ठेवावी. जिथे मनात "हं?" उमटलं तिथे समासात एक टिंब. शब्द लिहायचे नाहीत, शेजारचा वाचतो.

## ६. थांबा. चिठ्ठी. मग चहा

पहिला भाग संपला की दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही. उसासे नाहीत, "अरेच्चा" नाही, शेजाऱ्याकडे बघून भुवया उडवणं नाही. प्रत्येकाने चिठ्ठीवर चार उत्तरं लिहायची:

१. कुणी केलं? एकच नाव. "भाचा किंवा डॉक्टर" चालणार नाही. अजिबात सुचत नसेल तर "माहीत नाही".

२. कशावरून? कथेतल्या दोन जागा, पान आणि ओळीसह.

३. या माणसाचा संशय पहिल्यांदा कितव्या पानावर आला?

४. कुठे गोंधळ झाला किंवा लक्ष उडालं?

नाव घालून, घडी करून चिठ्ठी संयोजकाकडे. त्यानंतरच चहा.

चहाचं एवढं काय, असं वाटेल. आमच्या तिसऱ्या बैठकीला चहावाला पोरगा नेमका थांब्याच्या क्षणी किटली घेऊन आला. लोक उठले, कप हातात आले आणि कुणीतरी सहज म्हणालं, "त्या कंपाउंडरचं काहीतरी आहे." सातपैकी पाच चिठ्ठ्यांवर कंपाउंडर आला. कथेत तो बिचारा दोन ओळींपुरता होता. लेखिकेने घाबरून त्याच्या ओळी उडवल्या, आणि त्याच ओळींमध्ये तिचा एक खरा धागा होता. चहा आता आम्ही साडेपाचला सांगतो आणि दाराला आतून कडी लावतो.

तपासा: दुसऱ्या प्रश्नापुढे पान आणि ओळ नसलेली चिठ्ठी परत करा. "एकूण वागण्यावरून" हे उत्तर स्वीकारू नका.

## ७. शेवट वाचा आणि चिठ्ठ्या मोजा

आता दुसरा भाग वाटा आणि वाचा. मग संयोजकाने पाकीट फोडायचं आणि चिठ्ठ्या धाग्यांच्या कागदाशेजारी मांडायच्या. नवखे गट चुकतात ते इथेच. किती जणांनी बरोबर ओळखलं, एवढंच मोजतात आणि कमी जणांनी ओळखलं तर कथा जमली असं समजतात.

कुणीच ओळखलं नाही, यात अभिमान बाळगण्यासारखं काही नसतं. चिठ्ठ्यांवर एकाही खऱ्या धाग्याचा पान क्रमांक नसेल, तर तुमचे धागे वाचकापर्यंत पोचलेलेच नाहीत. शेवट त्याला आभाळातून पडल्यासारखा वाटणार. सगळ्यांनी ओळखलं, पण शेवटून दुसऱ्या पानावर, तर कथा बरी आहे, थोडं झाकायला हवं. सगळ्यांनी दुसऱ्याच पानावर ओळखलं तर एखाद्या वाक्याने घात केला आहे आणि तिसऱ्या उत्तरावरून ते वाक्य सापडतं. आम्हाला सर्वांत चांगला निकाल वाटतो तो असा: दोघातिघांनी योग्य कारणासह ओळखलं, आणि बाकीच्यांनी चुकीचं नाव लिहिलं, पण शेवट ऐकल्यावर आपापली प्रत मागे उलटून ती ओळ शोधली. प्रती उलटण्याचा आवाज ऐका. तो आला नाही तर काहीतरी राहिलंय.

सर्वांत फसवी असते बरोबर नाव आणि चुकीचं कारण असलेली चिठ्ठी. "डॉक्टरांनीच केलं, कारण डॉक्टर फारच सज्जन दाखवलाय." या वाचकाने कथा सोडवलेली नाही, त्याने तुमची लिहिण्याची खोड ओळखली आहे. अशा तीन चिठ्ठ्या आल्या तर धाग्यांना हात न लावता पात्र पुन्हा लिहावं लागतं.

एक उदाहरण सविस्तर सांगते. आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेची कथा. घरातल्या म्हाताऱ्या मालकाचा संध्याकाळी साडेआठच्या सुमारास खून होतो. काकू पोलिसांना सांगते, "संकष्टी होती. उपास सोडला, दोन घास खाल्ले आणि आठ वाजता पडले ती सकाळीच उठले." सगळा उलगडा या एका वाक्यावर. संकष्टीचा उपास चंद्रोदयानंतर सुटतो आणि त्या दिवशीचा चंद्रोदय होता नऊ अठराला. आठ वाजता काकूचा उपास सुटलाच नव्हता, म्हणजे ती झोपलेली नव्हती.

सात चिठ्ठ्या आल्या. तिघी बायका, तिघींनीही काकू लिहिलं आणि तिघींनी तीच ओळ दिली. एकीने तर "हे वाचताच कळलं" असं लिहिलं. चौघा पुरुषांनी भाचा लिहिला. चौघांच्याही घरी संकष्टीचा उपास होतो, पण ताट वाढलं जातं तेव्हा ते जेवतात, चंद्र कधी उगवला याची चौकशी करत नाहीत.

नुसती मोजणी केली असती तर "सातपैकी तीन, उत्तम" म्हणून आम्ही मोकळे झालो असतो. प्रत्यक्षात कथा निम्म्या वाचकांसाठी फार सोपी होती आणि उरलेल्या निम्म्यांसाठी अन्यायाची. बाईंनी दोन बदल केले. काकूच्या जबानीत वेळ आधी आणली आणि उपास चार वाक्यांनंतर, देवघरातल्या समईच्या बोलण्यात टाकला, म्हणजे आठ आणि संकष्टी शेजारी शेजारी राहिले नाहीत. आणि पहिल्याच पानावर स्वयंपाकघरातली दिनदर्शिका आणली. त्या तारखेच्या चौकोनात पेनाने लिहिलेलं, "गॅस लावला", शेजारी दुधाचा अर्धा लिटर खाडा, आणि खाली छापील बारीक अक्षरात चंद्रोदय ९.१८. वाचकाची नजर पेनाच्या अक्षरावर जाते, छापील अक्षर कुणी वाचत नाही. पण ते तिथे असतं.

## ८. बोलण्याची पाळी

लेखकाने गप्प बसून लिहून घ्यायचं. "तसं नाही, मला असं म्हणायचं होतं की" हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं की संयोजकाने टेबलावर टिचकी मारायची. पुस्तक विकत घेणाऱ्या वाचकाच्या शेजारी बसून तुम्ही समजावून सांगणार नसता.

बोलणाऱ्यांनी दुखणं सांगावं, औषध सांगू नये. "चौथ्या पानावर डॉक्टर घरात कसा आला ते मला कळलं नाही" हा अभिप्राय. "मी असतो तर डॉक्टरलाच मारलं असतं" ही दुसरी कथा, ती त्याने स्वतः लिहावी. एकाला तीन मिनिटं, घड्याळ लावून. ज्याने ओळखलं नाही त्याने आधी बोलायचं, कारण ज्याने ओळखलं तो बोलायला लागला की थांबत नाही.

## ९. तपशील तपासा

हे काम चर्चेत मिसळू नका. अभिप्राय संपल्यावर वेगळी वीस मिनिटं ठेवा आणि गटात एकाने कायद्याची, एकाने वैद्यकाची, एकाने तारखा-वेळांची बाजू कायमची घ्यावी. वकील किंवा डॉक्टरच हवा असं नाही, वाचायची तयारी हवी.

कायदा. पहिला प्रश्न: कथा कोणत्या वर्षी घडते? १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. २०१९ मधल्या खुनाला कलम ३०२, २०२५ मधल्या खुनाला कलम १०३. बोलताना जुना हवालदार "तीनशे दोन लागलंय" म्हणेल आणि ते खरंही वाटेल, पण कथेत फिर्यादीचा कागद दाखवत असाल तर त्यावर १०३ हवं.

प्रेत सापडलं की लगेच खुनाचा गुन्हा दाखल होतो, असं बरेच जण लिहितात. मृत्यू कशाने झाला हे स्पष्ट नसेल तर आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचांसमक्ष प्रेताचा पंचनामा होतो आणि घातपात दिसला की मग गुन्हा. या मधल्या काळात खुन्याला आपण सुटलो असं वाटतं. लेखकाला फुकट मिळालेली ही जागा सहसा कुणी वापरत नाही.

पोलिसांनी तपासात घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत. त्यामुळे "खाली तिची थरथरती सही होती" हा धागा बाद. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात आरोपीविरुद्ध चालत नाही, म्हणून चौकीत रडत गुन्हा कबूल करण्यावर कथा संपवली तर खटला उभाच राहत नाही. मात्र आरोपीने कोठडीत सांगितलेल्या माहितीवरून वस्तू सापडली, विहिरीतून कोयता निघाला, तर तेवढा भाग पुराव्यात येतो. पंचांसमोर तो विहिरीकडे चालत जातो, हा प्रसंग रडण्यापेक्षा कितीतरी चांगला आहे. अटक केलेल्याला प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं, तेव्हा दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय आठवडाभर कोंडून ठेवलेला संशयित तुमच्या हेराला मिळणार नाही. खासगी गुप्तहेराला झडतीचा किंवा कुणाचे कॉल रेकॉर्ड मागवण्याचा अधिकार नसतो.

वैद्यक. क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाला लावला की माणूस लगेच कोसळत नाही, काही मिनिटं जातात आणि तेवढा वेळ तो हातपाय झाडतो. हा प्रसंग वर्षातून दोनदा तरी आमच्याकडे येतो. मरणोत्तर ताठरतेचा पाठ्यपुस्तकातला ठोकताळा असा, की ती बारा तासांत पूर्ण येते, बारा तास टिकते आणि पुढच्या बारात उतरते. पण उन्हाळ्यात ती लवकर येते आणि लवकर जाते. नागपुरातल्या मे महिन्यातल्या दुपारी, जिथे हवाच शरीराहून गरम असते, तिथे "प्रेत थंडगार पडलं होतं" असं लिहू नका.

विषाचा अहवाल दुसऱ्या दिवशी येत नाही. व्हिसेरा, म्हणजे प्रेतातल्या अवयवांचे नमुने, मिठाच्या संपृक्त द्रावणात जपून न्यायसहाय्यक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातो. मुंबईत ती कालिन्याला आहे. अहवालाला आठवडे, कधी महिने लागतात. पुरेशी सोय असलेल्या रुग्णालयांत सूर्यास्तानंतर शवविच्छेदन करायला नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने मुभा दिली, पण खून, आत्महत्या किंवा घातपाताचा संशय असलेली प्रेतं सामान्यपणे त्यातून वगळली आहेत. मध्यरात्री शवागारात डॉक्टर लगेच सुरी चालवतोय हा प्रसंग म्हणून अडतो.

तारखा आणि वेळा. लक्ष्मीपूजनाच्या रात्री चांदण्यात खुनी ओळखू आला, अशी कथा आमच्याकडे खरंच आली होती. त्या रात्री अमावास्या असते. कथेत तारीख असेल तर त्या वर्षाची दिनदर्शिका काढा. गाडीची वेळ असेल तर ऋतूही पाहा, कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं आणि तेवढ्याने एखाद्याचा "मी गाडीत होतो" हा दावा मोडतो.

सावध: तपासलेलं सगळं कथेत ओतू नका. पंचनाम्याची कलमं वाचायला कुणी रहस्यकथा उघडत नाही. चूक नसावी इतकंच.

## १०. दुसरा खर्डा आणि राखीव चौघे

तीन-चार दिवस कथेला हात लावू नका. मग चिठ्ठ्या घेऊन बसा. एका वाचकाने सांगितलं म्हणून काही बदलायचं नाही, दोन वेगळ्या चिठ्ठ्यांवर तीच जागा आली की बदलायचं.

धागा झाकायचा असेल तर तो उडवू नका, हलवा. यादीच्या मधोमध ठेवा, कारण यादीतलं पहिलं आणि शेवटचं लक्षात राहतं. किंवा त्याच्या लगेच नंतर कुणालातरी भांडायला लावा. धागा उघडा करायचा असेल तर तो दुसऱ्यांदा, वेगळ्या माणसाच्या तोंडी आणा. प्रत्येक बदलानंतर पहिल्या पायरीचे दोन्ही कागद दुरुस्त करा. वेळ एका पानावर बदलली आणि तिसऱ्या पानावर राहून गेली, ही दुसऱ्या खर्ड्याची खास चूक.

नंतरच्या महिन्यात राखीव चौघांना बोलावून दुसऱ्यापासून सातव्या पायरीपर्यंत सगळं पुन्हा. पहिल्या सातांपैकी फक्त संयोजक येईल. बाकीचे आले की त्यांचे चेहरे फितूर होतात.

दिवाळी अंकासाठी लिहीत असाल तर उलटं मोजा. बरेच संपादक कथा पावसाळ्यातच मागतात. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पाठवायची असेल तर राखीव वाचन जूनच्या दुसऱ्या शनिवारी, पहिलं वाचन मेच्या दुसऱ्या शनिवारी, आणि पाकीट संयोजकाच्या हातात एप्रिल संपायच्या आत. मे महिन्यात निम्मा गट गावाला गेलेला असतो, तेव्हा सात जण पक्के आहेत ना, ते एप्रिलमध्येच फोन करून विचारून ठेवा.